बक्षीस कोणाच्या गाठचे?

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेर हे तालुक्याचे गाव कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या आवकेवर व नोकरवर्गाच्या मासिक वेतनावर जगते. आणि ज्या गावी पैसा येण्याची अशी दोन सर्वस्वी भिन्न कालमाने एकाच बाजारपेठेत नांदत असतात, त्या गावी उधारीचे एकच साधन सर्वांना सारख्याच आर्जवाने विकले जावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रिवॉर्ड पॉइंट देणारे क्रेडिट कार्ड हे ते साधन. मोबाइलवरून बोलणारा विक्रेता शिक्षकाला जे सांगतो तेच कास्तकारालाही सांगतो : खर्च तर तुम्ही करणारच आहात, मग त्यावर मिळणारे बक्षीस का सोडता? या युक्तिवादाचा पहिला भाग खोटा नाही. परंतु दुसऱ्या भागाचे उत्तर ऐकणाऱ्याचा पैसा महिन्याने येतो की हंगामाने, यावर संपूर्णपणे अवलंबून असते, आणि ते विचारण्याची तसदी विक्रेता घेत नाही. ज्याचे वेतन दरमहा खात्यात जमा होते आणि जो कार्डाचे बिल दरमहा निःशेष फेडतो, त्याने असे कार्ड अवश्य घ्यावे व त्यातून निघेल तेवढा लाभ निःसंकोच काढावा. ज्याच्या हाती कापसाचा चुकारा दिवाळीच्या मागेपुढे पडतो, त्याने ते बक्षिसाच्या मोहाने तरी मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत समजण्यासाठी बक्षिसाचा पैसा कोठून येतो, याची रुजवात आधी घातली पाहिजे. तो बँकेच्या औदार्यातून येत नाही. दुकानदाराने कार्डावर माल विकला की त्याच्या रकमेतून साधारणतः दीड-दोन टक्क्यांची कसर कापली जाते व तिचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेच्या पदरात पडतो. त्यास वार्षिक शुल्काची आणि थकबाकीदारांकडून वसूल झालेल्या व्याजाची जोड मिळते. आणि या तीन ओघांतून जो संचय होतो, त्याचा एक अंश पॉइंटांच्या रूपाने परत वाटला जातो. दुकानदार आपली कसर मालाच्या किमतीत मिसळतो, आणि किंमत तर सर्वांना एकच. म्हणजे ज्याच्यापाशी कार्ड नाही व जो रोख मोजून माल नेतो, तोही कार्डधारकाच्या बक्षिसात आपला वाटा नकळत टाकीत असतो. अमेरिकेतील बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली हा हिशेब मांडला, तेव्हा रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाकाठी १४९ डॉलर देते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबास १,१३३ डॉलर मिळतात, असे अनुमान निघाले. २०२३ मधील दुसऱ्या एका अभ्यासाने तर तेथे दरसाल सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे व गरिबांकडून श्रीमंतांकडे वाहतात, असा अंदाज दिला. युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डांच्या व्यवहारात बँकेने बँकेकडून घ्यावयाच्या शुल्कास ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. मूळ ओघच आटल्यावर तेथील बक्षिसे रोडावली, यात नवल ते काय? आपल्याकडे छोट्या दुकानदारास रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडून २,००० रुपयांपर्यंत रक्कम दिली असता त्याच्याकडून ही कसर घेतली जात नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

कार्डाचा पूर्वेतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबाचे कार्ड निघाले. १९५८ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरी बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितलेली नसताना, टपालाने घरोघर धाडली आणि त्या प्रयोगातील बुडीत रकमांनी तिचे हात चांगलेच पोळले. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नित्याच्या प्रवाशांना मैलांचे बक्षीस देण्याची प्रथा पाडली, तिचेच अनुकरण पुढे बँकांनी केले. आपल्या देशात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली कार्ड आणले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पलीकडे गेली. फ्रेस्नोचा धडा आपल्या रिझर्व्ह बँकेने मात्र कागदावर नीट उतरविला आहे : ग्राहकाच्या संमतीवाचून कार्ड देण्यास २०२२ च्या एप्रिलमधील तिच्या निदेशांनी सक्त मनाई केली असून, असे कार्ड देऊन शुल्क आकारल्यास ते परत करून वर त्याच्या दुप्पट दंड भरण्याची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. फोनवर 'बरं, बघू' म्हणणे म्हणजे संमती नव्हे, हे नेरच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता निवडीकडे वळू. कार्डाची निवड माहितीपत्रक वाचून करणे म्हणजे पेरणी आपल्या रानाची जात न पाहता शेजाऱ्याच्या बियाण्याच्या पिशवीवरील चित्र पाहून करणे होय. समजा, नेर येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेल्या एका गृहस्थाचे घर आहे. त्याने मागील बारा महिन्यांचे बँकेचे उतारे व मोबाइलवरील देणी समोर घेऊन खतावणी घातली, तर किराणा, महावितरणचे बिल, मोटारसायकलचे पेट्रोल, औषधे, घरपोच मागविलेल्या वस्तू, अमरावतीस शिकणाऱ्या मुलाचे शुल्क व खोलीभाडे, आणि विम्याचा हप्ता अशी खाती निघतील. यांतील प्रत्येक खात्यासमोर एकच प्रश्न लिहावयाचा : हे कार्ड या खर्चावर काही देते काय? येथे पुष्कळांची निराशा होते. कारण भाडे, पेट्रोल, सरकारी देणी, विमा, मोबाइल पाकिटात भरलेली रक्कम, आणि कित्येक कार्डांच्या बाबतीत यूपीआयने दिलेली देणीसुद्धा बक्षिसातून वगळलेली असतात, आणि हा वगळणुकीचा परिच्छेद करारनाम्याच्या अशा पानावर असतो जेथवर सहसा कोणाची दृष्टी पोहोचत नाही. ज्या कार्डावर 'पाच टक्के परत' असे ठळक लिहिलेले असते, त्यावर ते पाच टक्के बहुधा काही ठराविक संकेतस्थळांवरील खरेदीपुरते व दरमहा अमुक रकमेच्या मर्यादेतच मिळतात. उरलेल्या खर्चावर एक टक्का मिळाला तरी खूप. म्हणून सर्व खात्यांवरील बक्षीस रुपयांत मांडून त्याची बेरीज करावी, आणि तीतून वार्षिक शुल्क, त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा करासह, वजा करावे. जी शिल्लक उरेल ती त्या कार्डाची खरी योग्यता.

रुपयांत मांडावे, असे म्हणण्याचे कारण पॉइंट हे चलन दिशाभूल करणारे आहे. १५० रुपयांवर चार पॉइंट हे ऐकावयास भरघोस वाटते. पण एका पॉइंटाचे मोल २५ पैसे असेल तर १५० रुपयांवर एकच रुपया, म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी, हाती येतो. आणि तोही वस्तूंच्या यादीतून मिक्सर किंवा मनगटी घड्याळ निवडले तर आणखी घसरतो. म्हणून ज्यास कार्डांच्या शास्त्रात आयुष्य घालवावयाचे नाही, त्याने बक्षिसाची रक्कम सरळ बिलातून वजा करणारे कार्ड घ्यावे. त्यात चातुर्याला वाव कमी, पण फसगतीलाही कमी.

नेरच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. येथील दुकानांतून कार्ड घासण्याचे यंत्र विरळा, परंतु यूपीआयचा क्यूआर कोड बहुतेक प्रत्येक गल्ल्यावर चिकटविलेला. आणि यूपीआयशी क्रेडिट कार्ड जोडण्याची मुभा २०२२ पासून केवळ रुपे कार्डांनाच आहे. यामुळे परदेशी जाळ्यावरील दिमाखदार कार्ड पुण्या-मुंबईच्या दुकानात जितके कामाचे, तितके ते येथील किराणा दुकानात निरुपयोगी ठरते. कोड दुकानदाराच्या व्यापारी खात्याचा असला पाहिजे, व्यक्तीच्या खासगी खात्याचा चालत नाही, ही अट मात्र आहे. भाजीवाल्या बाईंच्या कोडावर कार्ड का चालत नाही, याचे उत्तर त्यात सापडते. दुसरी गोष्ट पेट्रोलची : तेलकंपन्यांच्या नावाने निघणारी कार्डे त्या त्या कंपनीच्याच पंपावर फळतात, तेव्हा आपण ज्या पंपावर रोज थांबतो तो कोणाचा, हे पाहून घ्यावे, स्वस्त पेट्रोलसाठी चार कोस लांबचा पंप गाठणारा गृहस्थ बक्षीस पंपावरच ओतून येतो.

विमानतळावरील विश्रांतिकक्षात फुकट प्रवेश हे शहरी कार्डांचे मुख्य भूषण. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून २०२५ च्या एप्रिलपासून मुंबईचे विमान सुटू लागले, हे खरे. परंतु विश्रांतिकक्षाचा थाट अनुभवण्यासाठी नेरकराला दीडशे किलोमीटरांपलीकडचे नागपूरच गाठावे लागेल, आणि वर्षाचे दोन-अडीच हजार शुल्क भरून मिळविलेला तो उपमा व चहा, वाटेतल्या एसटीच्या उपाहारगृहातील चहापेक्षा किती सरस लागेल, याविषयी मला शंका आहे. ज्याचा मुलगा परदेशी आहे व ज्याचे येणेजाणे खरोखरच चालू असते, त्याचा हिशेब वेगळा.

कार्ड घेतल्यानंतरचा प्रश्न वापराचा, आणि तेथे सारे गणित एका तारखेवर उभे आहे. आपला हा शिक्षक दरमहा १२,००० रुपये कार्डावर खर्च करतो व त्यास सरासरी एक टक्का परत मिळतो असे धरू. महिन्याचे १२० रुपये, वर्षाचे १,४४०. आता एखाद्या महिन्यात घरी लग्न निघाले, बिलावर 'किमान देय रक्कम ६०० रुपये' असे छापलेले त्याने पाहिले, आणि तेवढेच भरून तो निश्चिंत झाला. महिन्याला साडेतीन टक्के हा अशा थकबाकीवरील व्याजाचा नेहमीचा दर. १२,००० वर एका महिन्याचे ४२० रुपये होतात, त्यावर वस्तू व सेवा कर ७५ रुपये ६० पैसे, म्हणजे एकूण ४९५ रुपये ६० पैसे. चार महिन्यांची बक्षिसाची कमाई एका महिन्याच्या विलंबाने पुसून जाते. वास्तविक व्याज याहून अधिकच पडते, कारण ते बिलाच्या अंतिम तारखेपासून नव्हे तर प्रत्येक खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते, आणि जुनी बाकी असेतोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किमान रक्कम भरल्याने विलंबशुल्क टळते, एवढेच; व्याजाचे चक्र फिरतच राहते. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने सावकारालासुद्धा दामदुपटीची मर्यादा घातली होती. येथे ती सोय नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवर सालिना ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती, परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि व्याजाचा दर ठरविणे बँकांच्या मर्जीवर व रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीवर राहिले.

शिक्षकाचे हे नुकसान म्हणजे एका दुपारची हळहळ. कास्तकाराच्या घरी हेच गणित संसाराच्या मुळाशी जाते. जून महिन्यात बियाणे, खत आणि औषध यांसाठी त्याने ४०,००० रुपये कार्डावर उचलले, आणि कापसाचा चुकारा डिसेंबरात हाती येईल या भरवशावर तो राहिला, तर सहा महिन्यांचे व्याज, चक्रवाढ न धरताही, ८,४०० रुपये आणि त्यावरील कर १,५१२ रुपये, मिळून ९,९१२ रुपये होतात. विलंबशुल्क निराळेच. याच्या मोबदल्यात मिळालेले बक्षीस ४०० रुपये! तेच ४०,००० किसान क्रेडिट कार्डावरील पीककर्जाच्या सात टक्के दराने घेतले असते तर सहा महिन्यांचे व्याज १,४०० रुपये. वेळेवर परतफेड केल्याबद्दल केंद्राची तीन टक्के सवलत मिळून ते ८०० वर येते. आणि राज्य सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे, ठरल्या मुदतीत फेडणाऱ्यास, तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर ते शून्यावर उतरते. दोन्ही वस्तूंच्या नावात 'क्रेडिट कार्ड' हे शब्द आहेत. पण १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड पिकाच्या कालमानाशी जुळवून घेतलेले आहे, आणि बक्षिसाचे कार्ड पगाराच्या कालमानाशी.

वेळेवर फेडणाऱ्यास बक्षीस, ही कल्पना म्हणून नेरला परकी नाही. उलट या प्रांताच्या अर्थव्यवहारात तिची किंमत कार्डाच्या पॉइंटांपेक्षा कितीतरी मोठी आहे. ज्यांच्या नावाने ती योजना चालते, ते पंजाबराव नेरला लागून असलेल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील पापळचे. सावकारी कर्जाने वऱ्हाडचा कास्तकार कसा पिचतो, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. १८८४ च्या कायद्याखालील सरकारी तगाई होती, पण तिचा ओलावा सर्वांच्या मुळांपर्यंत पोहोचत नव्हता, आणि १९३३ साली मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कर्जलवादाचा कायदा करावा लागला तो याच कारणाने. २००६ साली केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी, ज्यांत यवतमाळ एक होता, ३,७५० कोटींची मदत योजना जाहीर केली, तिच्याही केंद्रस्थानी कर्जाच्या व्याजाचाच प्रश्न होता. ज्या जिल्ह्याने व्याजापायी एवढी किंमत मोजली, तेथे सालिना ४२ टक्क्यांचे बिनतारण कर्ज बक्षिसाच्या रंगीत वेष्टनात विकताना विक्रेत्याला नाही तर निदान त्याच्या वरिष्ठाला संकोच वाटावयास हवा.

पीककर्जाची रांग लांब असते, कागद पुष्कळ लागतात, सातबाऱ्यावर चुलतभावाचे नाव निघते, आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही, म्हणून माणूस कार्डाकडे वळतो, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खरा आहे. परंतु त्याचा रोख पीककर्ज वेळेवर न देणाऱ्या व्यवस्थेवर असावयास हवा. ती व्यवस्था सुधारण्याऐवजी कार्ड पुढे करणे हा उपाय नव्हे. कृषी केंद्राची हंगामी उधारीही महागच, तिचे व्याज मालाच्या चढ्या दरात दडलेले असते. तरीही ओळखीच्या दुकानदाराला पीक बुडाल्यावर थोडे थांबण्याची विनंती करता येते, आणि संगणकाने काढलेल्या बिलाला ती करता येत नाही.

तशीच सावधगिरी 'बिनव्याजी हप्ता' या नावाने चालणाऱ्या प्रकाराविषयी बाळगावी. खरे शून्य व्याज म्हणून काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालच्या परिपत्रकात स्पष्टपणे म्हटले आहे. ते कोठे प्रक्रिया शुल्कात, कोठे सोडून द्यावयास लावलेल्या रोख सवलतीत असते. फ्रिज किंवा मोबाइल घेताना 'रोख दिले तर काय भाव?' असे आधी विचारावे. बक्षिसाहून मोठी रक्कम पुष्कळदा त्या एका प्रश्नातच दडलेली असते.

ज्याने हे सर्व तोलून कार्ड घेतले, त्याने बिलाची पूर्ण रक्कम अंतिम तारखेस बचत खात्यातून आपोआप वळती होईल, असा लेखी आदेश बँकेस पहिल्याच दिवशी द्यावा, आणि त्यात 'किमान' नव्हे तर 'संपूर्ण' हा पर्याय निवडला आहे याची खात्री करावी. बिलाचे चक्र वेतनाच्या तारखेशी जुळत नसेल तर ते बदलून मागण्याचा हक्क ग्राहकास आहे. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली की बिनव्याजी मुदत पंचेचाळीस दिवसांच्या घरात जाते. कार्डावर रोख रक्कम कधीही उचलू नये, तीवर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क लागते. आणि पॉइंट साठवून ठेवू नयेत : ते ठेवीप्रमाणे वाढत नाहीत, त्यांची मुदत संपते, आणि त्यांचे मोल कमी करण्याचा अधिकार करारनाम्याने बँकेकडे राखून ठेवलेला असतो. वर्षातून दोनदा, तूर विकण्याच्या वेळी आणि शाळा उघडण्याच्या वेळी म्हणा, ते मोडून टाकावेत.

सरतेशेवटी एक मागणी. कार्डाच्या अटी साध्या, स्पष्ट आणि 'शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत' असाव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे निदेश सांगतात. त्या 'शक्यतो'च्या आडोशाने नेरमध्ये येणारे बिल इंग्रजीतच येते. किमान रक्कमच भरत राहिल्यास कर्जाची फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, हा इशारा बिलावर छापण्याची सक्ती आहे, परंतु ज्याला तो वाचता यावयास हवा त्याच्या भाषेत तो नाही. तो मराठीत असावा. आणि त्याच्या शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरात, चालू वर्षात मिळालेल्या बक्षिसाची रुपयांतील रक्कम आणि याच वर्षात घेतलेले व्याज व शुल्क, असे दोन आकडे छापणे बँकांवर बंधनकारक करावे. संगणकाला यात काडीचेही श्रम नाहीत. श्रम असलेच तर ते बँकेच्या विक्री विभागाला पडतील.

तोवर ज्यांच्या घरात दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघतो, त्यांनी बाकी फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. बाकी शून्य असताना असा अर्ज आल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद केले पाहिजे, अन्यथा पुढील प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकास देणे तिला भाग आहे; अर्जाची पोच आणि तारीख तेवढी जपून ठेवावी.